सागवानी सांगाड्याची एमजी टीडी: आर्वीजवळ विक्रीस असलेल्या १९५२ च्या गाडीचे परीक्षण

आर्वी-पुलगाव रस्त्यापासून चार किलोमीटर आत, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या टिनाच्या शेडमध्ये, १९५२ सालची एमजी टीडी ही दोन आसनांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार गेले दोन महिने विक्रीसाठी उभी आहे. मालकांनी तिची किंमत २७ लाख रुपये सांगितली असून सहा वर्षे खपून तिचा पूर्ण जीर्णोद्धार केला असल्याचे त्यांचे म्हणणे आहे. अमरावतीच्या माझ्या एका स्नेह्यांचा तिच्यावर जीव जडला होता. व्यवहारापूर्वी एकदा तुम्ही पाहून या, असे त्यांनी सांगितल्यावरून मी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे जाऊन पूर्ण एक दिवस गाडीबरोबर काढला. माझे आयुष्य जिनिंगची यंत्रे आणि ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेले आहे. जुन्या मोटारींचा व्यासंग मला नाही. पण लोखंडात आणि लाकडात कोणी काय झाकून ठेवले आहे, ते बहुधा नजरेस येते.

गाडीविषयी थोडे आधी सांगायला हवे, कारण शेडमध्ये जमलेल्या मंडळींपैकी दोघांनी मला विचारले की, रस्त्यावर हल्ली दिसणाऱ्या एमजीच्या मोठ्या गाड्यांचीच ही जुनी आवृत्ती का. नाव तेच आहे, घराणे मात्र राहिलेले नाही. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधील मोटारविक्रीचे दुकान. त्याचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी मॉरिसच्या साध्या गाड्यांवर हलक्या, देखण्या बॉड्या चढवायला सुरुवात केली आणि त्यातून हा धंदा उभा राहिला. अष्टकोनी बिल्ल्याच्या या गाड्या पुढे ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत. तो १९८० मध्ये बंद पडला आणि आज ते नाव एका चिनी कंपनीकडे आहे. टीडी हे मॉडेल १९५० ते १९५३ या काळातले. सुमारे ३० हजार गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. त्यामुळे उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, भारतातच वाढलेली टीडी मिळणे ही गोष्ट किमतीत धरावी लागते.

कागद चोख आहेत. १९५२ मध्ये वऱ्हाड आणि नागपूर हे दोन्ही मध्य प्रदेशात होते आणि राजधानी नागपूरलाच होती. मूळ नोंदणी-पुस्तक त्याच काळातले आहे, पाने पिवळी पडली असली तरी अक्षरे वाचता येतात. इंजिनावरील अष्टकोनी पितळी पट्टीवरचा क्रमांक एक्सपीएजी या अक्षरांनी सुरू होतो आणि तो पुस्तकातील नोंदीशी जुळतो. हे मी सर्वांत आधी पाहिले. सुट्या भागांच्या टंचाईच्या काळात अशा गाड्यांच्या बॉनेटखाली अँबॅसडरचे इंजिन सहज जाऊन बसू शकले असते, आणि तसे असते तर पुढचे काहीही पाहण्याची गरज उरली नसती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, म्हणजे लाकडाकडे. टीडीची चेसिस पोलादी असते, पण तिच्यावरच्या बॉडीचा सांगाडा लाकडाचा असतो आणि त्या लाकडावर पत्रा ठोकलेला असतो. कारखान्यात यासाठी ॲश नावाचे इंग्लंडातले लाकूड वापरत. ते चिवट असते, धक्का खाऊन परत जागेवर येते, म्हणूनच त्या देशात अवजारांचे दांडेही त्याचेच करतात. परंतु ओल आणि कीड या दोन्हींपुढे त्याचे काही चालत नाही. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात आणि वाळवीच्या राज्यात सत्तर वर्षे उभ्या असलेल्या गाडीचा ॲश सांगाडा शाबूत सापडेल, अशी अपेक्षाच करू नये. या गाडीचाही सापडला नाही. मालकांनी जुन्या सांगाड्याचे उरलेले तुकडे पोत्यात भरून ठेवले आहेत आणि मागितल्यावर लगेच दाखवले. बोटाने दाबले तर त्यांचा भुसा होतो.

परदेशातून तयार ॲश सांगाडा मागवता येतो, बहुतेक लोक तोच मार्ग धरतात. इथे मात्र मालकांनी गावातल्याच सुतारांकडून नवा सांगाडा करवून घेतला आणि तो सागवानाचा केला. लाकूड आलापल्लीच्या जंगलातले, बल्लारशाच्या आगारातून लिलावात घेतलेले. वनविभागाची पावती आणि वाहतूक परवाना दोन्ही गाडीच्या कागदांत लावलेले आहेत. गाडीच्या कागदपत्रांत लाकडाचा परवाना मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

सुतार सत्तरीच्या घरातले आहेत. बैलगाड्या आणि वखर-तिफण यांवर त्यांचा हात बसलेला आहे आणि मोटार त्यांनी यापूर्वी कधी उघडली नव्हती. सागच का, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "इंग्रजाचं लाकूड इथं टिकत नाही जी, उधई खाते. सागाले ते हात लावत नाही." हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे, आणि माझी शंका नेमकी तिथेच होती. साग टिकतो, हलतो-वाकतो कमी, खिळ्यास्क्रूला गंज चढू देत नाही; परंतु ॲशचा चिवटपणा त्याच्यात नाही. वारंवार धक्के बसणाऱ्या जोडाजवळ साग धाग्याच्या दिशेने चिरण्याची भीती असते. मी तसे बोलून दाखवताच ते उठले, गाडीखाली टॉर्च धरला आणि तळाच्या दोन लांब पट्ट्या व दाराच्या बिजागऱ्या जिथे बसतात ते खांब मला दाखवले. तिथले लाकूड वेगळ्या रंगाचे होते. तो धावडा होता. जुन्या सांगाड्याचा त्यातल्या त्यात धड तुकडा हातात घेऊन, वाकवून आणि वास घेऊन त्यांनी अंदाज बांधला होता की हे दांड्याचे लाकूड आहे. आणि आपल्याकडे कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा करतात, तेव्हा धक्का बसतो तिथे धावडा आणि बाकी ठिकाणी साग. ॲश हे नावही त्यांनी तोवर ऐकलेले नव्हते.

संपूर्ण सांगाडाच धावड्याचा का केला नाही, याचेही उत्तर त्यांच्यापाशी होते. धावडा जड असतो आणि वाळताना फाटतो. मोठ्या वळणदार तुकड्यांना तो चालत नाही. वापरलेल्या पट्ट्या त्यांनी दोन उन्हाळे सावलीत वाळवल्या होत्या. सागाच्या अंगात तेल असल्यामुळे त्याचे सांधे नुसत्या चिकटीने धरत नाहीत. म्हणून प्रत्येक सांधा आधी थिनरने पुसून इपॉक्सीने जोडला आहे आणि वर पितळी स्क्रू मारले आहेत. मी पुढचा डावा कोपरा जॅकवर उचलून दार उघडले व लावले. टीडीची दारे मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे पुढून उघडणारी असतात, आणि सांगाडा ढिला असेल तर जॅक लावताच ती अडकतात. इथे दाराच्या फटीत काडीपेटीतल्या काडीएवढाच फरक पडला आणि जॅक काढताच तो नाहीसा झाला. या गाडीतले सर्वोत्तम काम कोणते असे मला विचारले, तर मी हेच सांगेन.

रंगाविषयी तितके चांगले बोलता येत नाही. गडद हिरवा रंग शहरातल्या एका पेंटरकडून देऊन आणला आहे आणि दुरून तो झकास दिसतो. पण चुंबक फिरवले असता मागच्या उजव्या मडगार्डवर दोन ठिकाणी ते धरत नाही. म्हणजे तिथे पत्रा नीट न ठोकता पुट्टी भरली आहे. बॉनेटच्या कडेला रंगाखाली धुळीचे कण अडकले आहेत. ज्यांनी सहा वर्षे खपून आतले लाकूड घडवले, त्यांनी बाहेरचा रंग आठ दिवसांत उरकून घ्यावा, याचे वाईट वाटते. क्रोमचे काम मध्यम. आसनांवर चामडे नसून रेक्झिन आहे. मालक तसे स्वतःहून सांगतात, तेव्हा तक्रार नाही.

इंजिन १,२५० सीसीचे, चार सिलिंडरचे, दोन एसयू कार्ब्युरेटरचे. नवे असताना ५४ अश्वशक्तीचे. त्याची एक खोड अशी आहे की, माहीत नसलेला मिस्त्री एका दुपारीत ते नासवू शकतो. त्याच्या बोल्टांचे आटे, ज्यांना आमच्याकडे गॅरेजात चुडी म्हणतात, ते बारीक मेट्रिक मापाचे आहेत, पण बोल्टांची डोकी मात्र व्हिटवर्थ या इंग्रजी मापाची आहेत. त्यामुळे हातात पाना इंग्रजी लागतो आणि बसवायचा बोल्ट मेट्रिक असतो. याचे कारण असे की, मॉरिसचा कॉव्हेंट्रीतला इंजिनांचा कारखाना मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता आणि तिथली यंत्रे मेट्रिक आटेच पाडत. पाना इंग्रजी बसला म्हणून बोल्टही इंग्रजी समजून कोणी ठोकून बसवला, की ब्लॉकमधले आटे गेलेच. या गाडीवर काम केलेले मिस्त्री तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरचे गॅरेज चालवतात. मी त्यांना मुद्दाम अनभिज्ञपणे विचारले की, भाऊ, एखादा बोल्ट हरवला तर बाजारातला कोणता घ्यावा. त्यांनी काही न बोलता एक डबा समोर ठेवला. त्यात प्रत्येक काढलेला बोल्ट चिठ्ठी बांधून ठेवला होता आणि जे निकामी होते ते त्यांनी लेथवर नवे करवून घेतले होते. माझी परीक्षा तिथेच संपली.

इंजिनाचे बोरिंग नव्याने केले आहे, पिस्टन-रिंगा नव्या आहेत. थंड इंजिन दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाले. निळा धूर नाही. इंजिन तापल्यावरही तेलाचा दाब चांगला राहतो. मागच्या बाजूने थोडे तेल ठिबकते, परंतु या इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या मागे आजच्यासारखे रबरी सील नसून तेल परत आत ढकलणारे पेच कोरलेले असतात, तेव्हा थोडे ठिबकणे हा दोष मी मानत नाही. कॉम्प्रेशन ७.२५ ला १ इतके कमी असल्यामुळे साधे पेट्रोल त्याला चालते; मात्र आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलेच पेट्रोल मिळते आणि ते जुन्या रबराला खाते. इंधनाच्या नळ्या त्या हिशेबाने बदललेल्या आहेत. कार्ब्युरेटरमधली वॉशरे बदलली आहेत की नाहीत, याचे खात्रीचे उत्तर मला मिळाले नाही. घेणाऱ्याने ती बदलूनच घ्यावीत.

वायरिंग हा या गाडीचा कच्चा दुवा आहे. कारखान्यातून निघालेल्या टीडीमध्ये बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असते. डॅशबोर्डखाली मोबाइल चार्ज करण्याचे सॉकेट बसवण्यासाठी कोणा इलेक्ट्रिशियनने ही मांडणी उलटी केली, म्हणजे ऋण टोक चेसिसला जोडले. तसे करण्यात पाप नाही, अनेकजण करतात. पण मग डायनॅमोचे ध्रुव बदलून घ्यावे लागतात, कॉइलच्या आणि अँपिअर-मीटरच्या तारा उलट कराव्या लागतात. इथे अँपिअर-मीटरच्या तारा तशाच राहिल्या आहेत. परिणामी इंजिन जोरात फिरते आणि बॅटरी चार्ज होऊ लागते, तेव्हा काटा डिस्चार्जकडे पळतो. मालक गेले वर्षभर बॅटरी बदलण्याच्या विचारात होते. दोन तारा बदलायला पाच मिनिटे पुरतात, पण जिथे ही चूक राहिली तिथे आणखी काय राहिले असेल, हा प्रश्न पडतोच. वायरीही मूळच्या कापडी आवरणाच्या नसून ट्रॅक्टरला वापरतात त्या प्लास्टिकच्या आहेत. संपूर्ण वायरिंग नव्याने करावे लागेल, असे धरून चालावे. आणि ते सॉकेट काढून टाकावे. मोबाइल खिशात राहू द्यावा.

गाडी चालवून पाहण्यासाठी मालकांनी सकाळी सातची वेळ सुचवली होती. मी दुपारी दोन वाजता निघू असा आग्रह धरला, कारण आपल्याकडे मे महिन्यातली दुपार जी गाडी काढू शकते, तिची बाकी परीक्षा घेण्याचे कारण नाही. पारा ४४ अंशांवर होता.

पहिले चार किलोमीटर पांदण रस्त्याचे. टीडीचे पुढचे निलंबन, म्हणजे सस्पेन्शन, दोन्ही चाकांना स्वतंत्र आहे, कॉइल स्प्रिंगांचे. त्याची रचना ब्रिटिश अभियंते अलेक इसिगोनिस यांनी एमजीच्या वाय या सेडानसाठी केली होती आणि तिथून ते या गाडीत आले. आधीच्या टीसी मॉडेलला पुढेही बैलगाडीसारखा सरळ धुरा होता, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो. काळ्या मातीच्या वाळून दगड झालेल्या चाकोऱ्यांतून गाडी डुलत गेली, आपटली नाही. सांगाड्यातून एकदाही करकर ऐकू आली नाही. मागे कमानपाटे आहेत आणि ते जाणवतात. खिडक्यांना काच नसते, कापडी पडदे बटणांनी लावायचे असतात. ते आम्ही लावले नव्हते, म्हणून पक्क्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघेही एकाच रंगाचे झालो होतो.

डांबरी रस्त्यावर या गाडीचे खरे रूप दिसले. रॅक आणि पिनियन पद्धतीचे स्टिअरिंग इतके थेट आहे की, खड्डा दिसताच मनगट हलवावे आणि चाक बाजूला झालेले असावे. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना चाकांचा वेग आपोआप जुळवणारी रचना, नाही; तेव्हा गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही, किंवा मग जुन्या ट्रकवाल्यांसारखे दोनदा क्लच मारायला शिकायचे. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या दर १,००० फेऱ्यांमागे गाडी जेमतेम २३ किलोमीटरचा वेग देते; म्हणजे ताशी ८० ला इंजिन मिनिटाला सुमारे ३,५०० फेऱ्या घेत असते. त्यापुढे जाता येते, पण बोलणे ऐकू येत नाही. ६० ते ७० हा तिचा सुखाचा वेग. जवळून गेलेल्या समृद्धी महामार्गावर, जिथे मोटारींना १२० ची मुभा आहे, तिथे हिला नेणे म्हणजे म्हाताऱ्या पैलवानाला धावायला लावणे होय. वेगमापक मैलांत आहे आणि मोबाइलवरच्या वेगाशी ताडून पाहिले तर तो कमी दाखवतो, मूळ ५.५०-१५ मापाच्या टायरांऐवजी अँबॅसडरचे ५.९०-१५ मापाचे टायर लावलेले असल्यामुळे असे होते. मिळणाऱ्या टायरांचा विचार करता ही तडजोड मला योग्य वाटते. स्टिअरिंग पूर्ण वळवले तरी चाक कुठे घासत नाही.

ब्रेक चारही चाकांना हायड्रॉलिक ड्रमचे आहेत. जोरात दाबले की गाडी डावीकडे ओढते. तीन वेळा करून पाहिले, तिन्ही वेळा ओढली. पुढच्या उजव्या चाकाचा एखादा सिलिंडर अडकत असावा. हे काम झाल्याखेरीज गाडी ताब्यात घेऊ नये.

आर्वीला पोचेपर्यंत तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या किंचित वर जाऊन स्थिर राहिला होता आणि मी मनातल्या मनात रेडिएटरचे कौतुक करीत होतो. आम्ही रसवंतीवर थांबलो. पंधरा मिनिटांनी परत येऊन किल्ली फिरवली, तर बॉनेटखालचा विजेचा पेट्रोल पंप एरवी दोन-चारदा टिकटिक करून थांबतो तो थांबेचना; शिवणयंत्रासारखा चालू राहिला. याचा अर्थ पंप पेट्रोल न ओढता वाफ ओढत होता. टीडीमध्ये पेट्रोलची टाकी मागे आहे, पंप पुढे इंजिनाच्या भिंतीवर आहे, आणि कार्ब्युरेटर व एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. गाडी चालू असेपर्यंत वारा लागतो, उभी राहिली की सगळी उष्णता वर चढते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल लवकर वाफाळते, त्याने भर पडली असणार. रसवंतीवाल्याकडून ओले फडके मागून घेतले, पंपावर आणि कार्ब्युरेटरच्या वाट्यांवर ठेवले, बॉनेटच्या दोन्ही बाजू उघड्या टाकल्या. दहा मिनिटांत गाडी सुरू झाली. मालकांचा चेहरा उतरला होता. सकाळी सातची वेळ का सुचवली होती, ते त्यांना सांगावे लागले नाही आणि मीही विचारले नाही. एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये पत्र्याची आड बसवणे आणि टाकीजवळ दुसरा पंप लावणे, हे दोन उपाय आहेत; दोन्ही स्वस्त आहेत.

सरकारी नियमांचा एक मुद्दा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने काढलेल्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकी गाड्यांची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार आणि नूतनीकरणाचे ५ हजार रुपये आहे, आणि पूर्वी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. पण अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढायची. शिवाय चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. सागवानी सांगाडा फेरफारात मोडतो का? माझ्या मते मोडत नाही, कारण आकार, माप आणि पत्रा मूळचाच आहे. तरीही पोत्यातले ते जुने ॲशचे तुकडे गाडीबरोबर मागून घ्यावेत, तपासणीला उपयोगी पडतील.

वायरिंग, ब्रेक, मागचे मडगार्ड आणि उष्णतेचा बंदोबस्त यांचा खर्च वजा करून मी स्नेह्यांना २३ लाखांपर्यंत जाण्यास सांगितले आहे, आणि तेही एका अटीवर: पहिले वर्षभर गाडी त्याच ट्रॅक्टरवाल्या मिस्त्रींच्या हातून तपासून घ्यायची, शहरातल्या गॅरेजात न्यायची नाही. अमरावतीहून तेवढे अंतर पडते, पण बोल्टांचा तो चिठ्ठ्या बांधलेला डबा दुसऱ्या कोणाकडे नाही. मालक २५ च्या खाली यायला अजून तयार नाहीत. स्नेह्यांचा निर्णय व्हायचा आहे, तेव्हा इतर कोणाला पाहायची असल्यास गाडी मोकळी आहे. फक्त जाताना खिशात चुंबक ठेवावे आणि वेळ दुपारची मागून घ्यावी.